रविवारचे मटण आणि सोमवारचा दवाखाना

कोल्हापुरात रविवारी मटण शिजते आणि सोमवारी सकाळी कुत्र्या-मांजरांच्या डॉक्टरकडे गर्दी होते, असे मी म्हटले तर काही वाचकांना ती थट्टा वाटेल. पण या व्यवसायात इतकी वर्षे काढल्यानंतर तो माझा नेहमीचा अनुभव आहे. कुणाचे कुत्रे रात्रभर ओकते आहे, कुणाला रक्ताचे जुलाब सुरू आहेत, कुणाच्या टाळूत हाडाचा तुकडा आडवा बसला आहे. "काल काय घातले होते?" असे विचारले की उत्तर ठरलेले असते. "विशेष काही नाही डॉक्टर, आपलं घरचंच. रश्शात भाकरी कुस्करून घातली होती. ताट चाटूनपुसून साफ केलं बघा त्यानं."

हे "विशेष काही नाही" हाच आजच्या लेखाचा विषय आहे. आपल्या जिल्ह्यात मुक्या जनावरांवर प्रेम नाही असे कुणी म्हणू शकणार नाही. स्वतः जेवायला बसण्याआधी गोठ्यातल्या म्हशीला वैरण पडली का, हे पाहणारी ही माणसे. नृसिंहवाडीला जाऊन दत्तापुढे हात जोडणारा भाविक दत्ताच्या तसबिरीतल्या चार कुत्र्यांनाही नमस्कार करतो. प्रेमात काही कमी नाही. कमी आहे ती माहिती. माझे स्पष्ट मत असे की, आज घरात पाळलेल्या कुत्र्या-मांजरांची बरीचशी दुखणी उपासमारीतून येत नाहीत, ती लाडातून येतात. आणि ज्या एका गोष्टीवर आपण खरोखर खर्च करायला हवा, त्या लसीकडे मात्र आपले दुर्लक्ष होते.

शेतावरचे कुत्रे आणि फ्लॅटमधले कुत्रे

"आमच्या आजोबांच्या कुत्र्याने जन्मभर भाकरी आणि ताकच खाल्ले, ते कुठे आजारी पडले?" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. पण ते कुत्रे राहत होते कुठे? ते वस्तीवर राहत होते. दिवसभर उसाच्या कडेने धावायचे, रात्री राखण करायचे, मध्येच उंदीर-घुशी मारून खायचे. भाकरी हा त्याच्या आहाराचा एक भाग होता, बाकीचे ते स्वतः मिळवायचे. शिवाय त्याच्या पिल्लांपैकी किती जगली आणि किती मेली, याचा हिशेब कुणी ठेवला नव्हता.

आता तेच कुत्रे राजारामपुरीतल्या किंवा ताराबाई पार्कातल्या तिसऱ्या मजल्यावर आले आहे. त्याचे धावणे बंद झाले, शिकार बंद झाली, मात्र ताट तेच राहिले. उलट ताटात रस्सा, फरसाण, बिस्किटे आणि पेढे यांची भर पडली. दिवसाकाठी दोनदा जिन्याने खाली जाऊन येणाऱ्या प्राण्याला आपण दिवसभर धावणाऱ्याचा खुराक देतो आणि वर म्हणतो, "अंगाला चांगले लागले आहे."

भाकरी वाईट आहे असे मात्र मी म्हणणार नाही. स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी 2013 साली लांडगा आणि कुत्रा यांच्या गुणसूत्रांची तुलना प्रसिद्ध केली. माणसाजवळ राहून राहून कुत्र्याच्या अंगी पिष्टमय पदार्थ पचवण्याची शक्ती लांडग्यापेक्षा पुष्कळ वाढली आहे, असे त्यात दिसून आले. म्हणजे भाकरी, भात, चपाती कुत्र्याला पचते. अपाय होतो तो भाकरीवर आपण जे ओततो त्याने.

कांदा, लसूण आणि चटणी

कोल्हापूरकरांना हे ऐकायला कडू वाटेल, पण तांबडा आणि पांढरा हे दोन्ही रस्से कुत्र्या-मांजरांना वर्ज्य आहेत. कारण तिखट हे नव्हे. तिखटाने जळजळ होते, जुलाब होतात आणि थांबतात. खरा शत्रू कांदा आणि लसूण. या दोहोंतल्या गंधकयुक्त द्रव्यांमुळे कुत्र्या-मांजरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. शिजवल्याने हा दोष जात नाही. वाळवून दळल्याने तर तो वाढतोच, कारण पाणी निघून जाते आणि अर्क उरतो. आपली कोल्हापुरी चटणी म्हणजे मिरचीबरोबर वाळलेला कांदा-लसूणच असतो, हे ध्यानात घ्यावे. वजनाच्या मानाने लसूण कांद्यापेक्षाही जहाल असतो आणि मांजराला या दोहोंची बाधा कुत्र्यापेक्षा लवकर होते.

फसगत अशी होते की, परिणाम त्याच दिवशी दिसत नाही. दोन ते पाच दिवसांनी कुत्रे मरगळते, हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी गडद तांबूस होते. तोपर्यंत रविवारचा रस्सा सगळे विसरलेले असतात. एक घास खाल्ल्याने कुत्रे मरत नाही हे खरे, पण रोज थोडे थोडे पोटात जात राहिले तरी रक्त कमी होत जाते.

"मग आम्ही अळणी देतो," असे काहीजण सांगतात. अळणीत तिखट नसते, पण आले-लसूण असतेच आणि बऱ्याच घरी कांदाही असतो. उपाय सोपा आहे. मटण किंवा चिकन शिजत घालण्याआधीच कुत्र्याच्या वाट्याचे चार तुकडे वेगळे काढावेत आणि साध्या पाण्यात, फार तर चिमूटभर हळद घालून, उकडावेत. मीठही नको. यात घरच्या बाईला पाच मिनिटांचे काम वाढते. आणि ते तिनेच करावे असेही नाही, ज्याला कुत्र्याची हौस त्याने करावे.

नळीचा मोह

दुसरी समजूत हाडांची. हाड आणि कुत्रा ही जोडी आपल्या मनात इतकी पक्की बसली आहे की, हाड नको म्हटले तर लोकांना डॉक्टरच वेडा वाटतो. पण शिजवलेले हाड ठिसूळ होते. चावले की त्याच्या सुयांसारख्या कपच्या निघतात. कोंबडीच्या हाडाच्या कपच्या घशात, अन्ननलिकेत, आतड्यात रुततात. मटणाचे हाड चावून चावून त्याचा चुरा मोठ्या आतड्यात सिमेंटसारखा घट्ट बसतो आणि कुत्रे दोन-दोन दिवस कुंथत राहते. नळीचा गोल तुकडा खालच्या जबड्यात अंगठीसारखा अडकतो. मग कुत्रे पंजाने तोंड ओरबाडते आणि घरचे घाबरून जातात. असा तुकडा ओढून काढण्याचा प्रयत्न घरी करू नये. भूल देऊन तो कापावा लागतो.

मटणाची चरबी आणि कट हाही एक प्रकार. घरच्यांनी बाजूला काढलेली चरबी कुत्र्याच्या वाट्याला जाते. एकाच वेळी भरपूर चरबी पोटात गेली की काही कुत्र्यांच्या स्वादुपिंडाला सूज येते. सारख्या उलट्या होतात, पोट दुखते, पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर करून कुत्रे उभे राहते. अशा वेळी घरगुती उपाय करत बसू नये. हे दुखणे जिवावर बेतू शकते.

खाटकाकडून कच्चे फुफ्फुस किंवा काळीज आणून घालण्याची पद्धतही सोडली पाहिजे. शेळ्या-मेंढ्यांच्या काळजात आणि फुफ्फुसात पाण्याने भरलेल्या गाठी असतात. त्या एका जातीच्या कृमीच्या असतात. कुत्र्याने त्या कच्च्या खाल्ल्या की त्याच्या आतड्यात कृमी वाढतात. त्यांची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून, त्याच्या केसांना लागून, न धुतलेल्या हातांवाटे माणसाच्या पोटात जातात आणि मग माणसाच्याच यकृतात तशा गाठी होतात. म्हणून जे घालायचे ते चांगले शिजवून घालावे.

बेदाणे, चॉकलेट आणि पेढे

शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या तासगावचा बेदाणा आपल्या सगळ्यांच्या घरी असतो. लहान मुले प्रेमाने कुत्र्यालाही चार दाणे घालतात. द्राक्षे आणि बेदाणे खाऊन काही कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. एका कुत्र्याला मूठभर खाऊन काही होत नाही, तर दुसरे थोडक्यात जाते. त्यामुळे "इतके चालतील" असा अंदाज बांधता येत नाही. अमेरिकेतील पशुवैद्यांनी 2021 साली द्राक्षांतल्या टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवले. तेच आम्ल चिंचेत भरपूर असते. तेव्हा चिंचेचा कोळ घातलेली आमटीही नको.

चॉकलेट, विशेषतः काळे आणि कडसर चॉकलेट, कुत्र्याच्या हृदयाला आणि मेंदूला अपायकारक आहे. साखरेऐवजी झायलिटॉल घातलेले च्युइंगम किंवा मिठाई तर अर्ध्या तासात कुत्र्याची रक्तशर्करा घसरवते. वाडीचे पेढे आणि बासुंदी यांनी विषबाधा होत नाही, पण लठ्ठपणा आणि जुलाब नक्की होतात. प्रसाद म्हणून द्यायचाच असेल तर नखाएवढा द्यावा.

मांजर म्हणजे छोटे कुत्रे नव्हे

मांजराच्या बाबतीत आपला गैरसमज आणखी मोठा आहे. मांजराला दूध-भाकरी घातली की आपले काम संपले असे आपण समजतो. मांजर हे पूर्ण मांसाहारी जनावर आहे. टॉरिन नावाचे एक पोषक द्रव्य मांजराच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही. ते त्याला मांस, मासे यांतूनच मिळते. टॉरिन कमी पडले की मांजराच्या डोळ्यांचा पडदा निकामी होतो, हे 1975 साली सिद्ध झाले. त्याच कमतरतेने त्याचे हृदय पसरून कमजोर होते, हे 1987 साली कळले. त्यानंतरच चांगल्या तयार खाद्यात टॉरिनचे प्रमाण वाढवले गेले.

पूर्वीचे मांजर दूध-भाकरीवर जगत होते ते घरातले उंदीर खाऊन. आता फ्लॅटमधल्या मांजराला उंदीर दिसत नाही. शाकाहारी कुटुंबांतील वाचकांना मी आदराने सांगतो की, आपला आचार आपल्याजवळ ठेवावा, पण तो मांजरावर लादू नये. घरात मांस शिजवणे शक्य नसेल तर मांजरासाठी बनवलेले संपूर्ण आहाराचे तयार खाद्य आणावे. तेही मान्य नसेल तर मांजराऐवजी कुत्रे पाळावे. दूध, पनीर, डाळी आणि पशुवैद्याच्या सल्ल्याने पूरक औषधे यांवर कुत्रे शाकाहारातही राहू शकते, मांजर राहू शकत नाही.

दुधाबद्दल आणखी एक. मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दुधातली साखर नीट पचत नाही. वाटीभर दूध प्यायले की जुलाब होतात. त्याला हवे असते पाणी. मांजर मुळातच पाणी कमी पिते. म्हणून घरात दोन-तीन ठिकाणी स्वच्छ पाणी ठेवावे आणि अन्न ओलसर द्यावे. बोका वारंवार लघवीला बसतो आहे, ओरडतो आहे आणि थेंबही होत नाही असे दिसले तर तो बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजू नका. मूत्रमार्ग तुंबला असेल तर एक-दोन दिवसांत बोका दगावतो. त्याच तासाला दवाखाना गाठावा.

मग घालायचे काय आणि किती?

मोठ्या कुत्र्याला दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी खाणे द्यावे. भात किंवा भाकरी, त्यात उकडलेले चिकन किंवा अंडे, थोडा शिजवलेला भोपळा, गाजर. नुसते मांस घालू नये. त्यात चुना, म्हणजे कॅल्शियम, फार कमी असते आणि वाढत्या पिल्लाचे पाय वाकतात. कॅल्शियम किती द्यायचे ते मनाने ठरवू नये, कारण मोठ्या जातीच्या पिल्लाला जास्त कॅल्शियमही तितकेच घातक ठरते. परवडत असेल तर चांगले तयार खाद्य सोपे पडते, पण पुड्यावर "संपूर्ण आहार" असे लिहिलेले आहे का हे पाहावे. बिस्किटे आणि वरखाऊ मिळून दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त होऊ नयेत.

प्रमाण ओळखण्याची खूण सांगतो. कुत्र्याच्या बरगड्यांवरून हात फिरवावा. आपल्या पंजाच्या पाठीवरची हाडे जशी बोटांना लागतात तशा बरगड्या लागल्या तर वजन बरोबर. तळहातावरच्या गादीसारखे लागले तर जनावर लठ्ठ झाले.

आपल्या भागात या बाबतीत एक गंमत होते. कारवान किंवा मुधोळ जातीचे कुत्रे आपल्याकडे पुष्कळ. मुधोळ संस्थानचे मालोजीराव घोरपडे यांनी या जातीला राजाश्रय दिला. भारतीय टपाल खात्याने 2005 साली देशी कुत्र्यांची तिकिटे काढली त्यांत ही जात आहे. 2016 साली तिची पिल्ले मेरठच्या लष्करी केंद्रात शिक्षणासाठी नेण्यात आली. हे कुत्रे शिडशिडीतच असते. खपाटीला गेलेले पोट आणि दिसणाऱ्या बरगड्या ही त्याची ठेवण आहे. पण शेजारी म्हणतात, "खायला घालत नाही काय हो?" आणि मालक लाजेखातर त्याला तूप-भात घालून फुगवतो. धावण्यासाठी जन्मलेल्या जनावराची ती दैना असते.

लठ्ठपणाचा हिशेब अमेरिकेत काटेकोरपणे मांडला गेला आहे. एका खाद्य कंपनीने 48 लॅब्राडॉर पिल्लांच्या जोड्या लावल्या. प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खाणे दिले आणि ही कुत्री मरेपर्यंत त्यांचा अभ्यास केला. 2002 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कमी खाणारी कुत्री सरासरी पावणेदोन वर्षांहून अधिक जगली आणि त्यांना सांधेदुखीही उशिरा सुरू झाली. कुत्र्याच्या दहा-बारा वर्षांच्या आयुष्यात पावणेदोन वर्षे म्हणजे किती, हे ज्याने कुत्रे गमावले आहे त्याला सांगावे लागत नाही.

माणसाची औषधे आणि म्हशीची औषधे

कुत्र्याला ताप आला की घरातली पॅरासिटामॉल, लंगडले की दुखण्यावरची गोळी, असा प्रकार सर्रास चालतो. मांजराला पॅरासिटामॉलची एक गोळी मृत्यूला पुरेशी आहे. त्याचे रक्त प्राणवायू वाहून नेण्याचे थांबते, हिरड्या करड्या-तपकिरी पडतात. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या जठराला जखमा होतात आणि मूत्रपिंडे बिघडतात.

गोचिडांचेही तसेच. कुत्र्याच्या गोचिडांतून रक्ताचे ताप येतात, तेव्हा गोचीड मारलेच पाहिजेत. पण गोठ्यात म्हशीसाठी आणलेले औषध अंदाजाने पाण्यात कालवून कुत्र्याला चोळणे धोक्याचे आहे. आणि मांजराला तर कुत्र्याचे गोचीड-औषधही लावू नये. त्यांपैकी काहींत परमेथ्रिन असते आणि त्याने मांजराला झटके येतात. औषध कुणासाठी आहे, किती वजनाला आहे, हे विचारूनच घ्यावे.

एक किलो मटण आणि एक सुई

आता सर्वांत महत्त्वाचे. पिसाळ रोगावरची कुत्र्याची लस साधारणतः एक किलो मटणाच्या भावापेक्षा स्वस्त पडते आणि ती वर्षातून एकदाच द्यायची असते. तरीही वर्षभर दर रविवारी मटण खाऊ घातलेले कुत्रे लसीविना राहिलेले मी पाहतो. हा हिशेब मला कधी समजला नाही.

पिसाळ रोगाची लक्षणे एकदा सुरू झाली की, जनावर काय आणि माणूस काय, त्यावर इलाज नाही. पण लक्षणांआधी लस मिळाली तर मरण जवळजवळ नक्की टळते. लुई पाश्चर यांनी 6 जुलै 1885 रोजी एका नऊ वर्षांच्या मुलाला ही लस पहिल्यांदा टोचली आणि तो मुलगा वाचला. त्यांचा स्मृतिदिन 28 सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन म्हणून पाळला जातो. आज, इतक्या वर्षांनंतर, एखादे मूल केवळ घरच्यांनी हयगय केली म्हणून जावे, यासारखे दुःख नाही.

कुत्रे किंवा मांजर चावले, ओरबाडले, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे घड्याळ लावून धुवावी. हळद, चुना, तंबाखू, मिरचीपूड, रॉकेल यांतले काहीही लावू नये. त्याच दिवशी दवाखान्यात जावे. सरकारी दवाखान्यांत ही लस मोफत मिळते. पोटातली चौदा इंजेक्शने कधीच बंद झाली, आता दंडातच टोचतात, तेव्हा भिण्याचे कारण नाही. जखम खोल असेल किंवा चेहऱ्यावर, हातावर असेल तर लसीबरोबर आणखी एक इंजेक्शन जखमेत द्यावे लागते, त्याबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावे. "घरचेच कुत्रे आहे" म्हणून थांबू नये. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवावे, पण उपचार आधी सुरू करावेत. आणि मुलांना एवढे बजावून ठेवावे की, कुत्र्याने नुसते ओरबाडले तरी मार बसेल या भीतीने लपवायचे नाही, घरी सांगायचे.

पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांपासून पार्व्हो आणि डिस्टेंपर यांच्या लसी सुरू कराव्यात, त्या दर तीन-चार आठवड्यांनी चार महिन्यांपर्यंत पुन्हा द्याव्यात. पिसाळ रोगाची लस तिसऱ्या महिन्यात द्यावी. पार्व्होने होणारे रक्ताचे जुलाब दोन-तीन दिवसांत पिल्लू नेतात. जंताचे औषध पिल्लाला वारंवार आणि मोठ्या जनावराला साधारण दर तीन महिन्यांनी द्यावे.

घरात सून गरोदर राहिली की वर्षानुवर्षे सांभाळलेले मांजर रातोरात बाहेर टाकले जाते, हेही थांबायला हवे. मांजराच्या विष्ठेतून एक रोग गर्भाला बाधू शकतो, हे खरे. पण विष्ठेतल्या त्या जंतूंना घातक व्हायला किमान एक दिवस लागतो. मांजराची माती रोजच्या रोज दुसऱ्या कुणी साफ केली, गरोदर बाईने कच्चे मांस हाताळले नाही आणि भाज्या नीट धुतल्या, तर मांजर घरात राहू शकते.

पावसाळा आणि महापूर

2005, 2019 आणि 2021 या वर्षी पंचगंगेने आपल्याला काय दाखवले ते सर्वांच्या लक्षात आहे. पुराच्या पाण्यात उंदरांचे मूत मिसळते आणि लेप्टोस्पायरोसिसचा प्रसार होतो. हा रोग कुत्र्यालाही होतो आणि त्याच्या लघवीतून माणसाला. कुत्र्यासाठी यावर लस आहे. ती दरवर्षी मे महिन्यातच, वळीव सुरू व्हायच्या सुमारास, देऊन घ्यावी. पावसात साचलेल्या डबक्यातले पाणी कुत्र्याला पिऊ देऊ नये आणि त्याची लघवी पुसताना हातमोजे घालावेत.

पाणी चढू लागले आणि घर सोडावे लागले तर जनावर बरोबर न्यावे. नेणे अगदीच अशक्य असेल तर त्याची साखळी सोडून जावे. मोकळे जनावर पोहून, चढून जीव वाचवू शकते, बांधलेले वाचवू शकत नाही. नदीकाठच्या वस्तीत राहणाऱ्यांनी जूनमध्येच गळ्यात पट्टा, टोपली किंवा पिंजरा आणि आठ दिवसांचे खाणे तयार ठेवावे.

सोबत म्हणजे काय?

शेवटी थोडे सोबतीबद्दल. कुत्रे पाळणे म्हणजे दारात साखळीला बांधणे नव्हे. चोवीस तास बांधलेले कुत्रे चिडखोर होते आणि तेच एक दिवस घरातल्या मुलाला चावते. सकाळी आणि संध्याकाळी अर्धा-अर्धा तास त्याला फिरवावे. उन्हाळ्यात ऊन चढण्याआधी न्यावे. डांबरावर आपला तळहात काही क्षण ठेवून पाहावा, तो पोळला तर त्याचे पायही पोळतात. रंकाळ्यावर नेताना साखळी हातात असावी आणि खिशात एक कागद किंवा पिशवी असावी. आपल्या कुत्र्याची घाण उचलण्यात कमीपणा कसला?

मुलांना शिकवावे की, कुत्रे खात असताना, झोपले असताना किंवा पिल्लांजवळ असताना त्याला हात लावायचा नाही. मांजराला उंचावर बसायला जागा आणि नखे घासायला गोणपाट गुंडाळलेला एखादा ओंडका द्यावा, म्हणजे गादी शाबूत राहील. आणि हौसेखातर बर्फातली हस्की जात आणून तिला एप्रिलच्या उन्हात धापा टाकायला लावू नये. आपले गावठी पिल्लू, वेळेवर लस दिलेले, नसबंदी केलेले, कुठल्याही परदेशी जातीच्या तोडीस तोड सोबत करते.

घरातल्या निवृत्त मंडळींकडे मी मुद्दाम पाहतो. मुलगा पुण्याला, सून नोकरीला आणि नातू शाळेत गेल्यावर दुपारी आजोबांजवळ बसणारे ते एकच जीव असते. त्याला फिरवायच्या निमित्ताने आजोबाही चालतात, चार माणसे भेटतात. म्हणूनच त्या जनावराचे आयुष्य वाढवणे ही केवळ भूतदया नाही, तो आपल्या घराच्याच आरोग्याचा प्रश्न आहे.

प्रत्येक घरी भिंतीवर कॅलेंडर असते. दुधाचे खाडे, गॅसची तारीख, भिशीचा दिवस आपण त्यावर लिहून ठेवतो. आज हा लेख वाचून झाला की, आपल्या कुत्र्याची किंवा मांजराची लस शेवटची कधी झाली ते आठवून पाहा आणि पुढची तारीख त्याच कॅलेंडरवर लिहून ठेवा. आठवत नसेल तर उद्याचीच तारीख लिहा.